रविवारी बंद

तारखा ठरवायच्या आधी थोडं बसू या. लॅपटॉप मिटलेलाच राहू दे. गोल्फच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून एक जुना बॉल काढा आणि तळहातावर ठेवा. मागच्या राउंडची माती त्याच्या खळग्यांत अजून वाळून बसली असेल. नखाने ती हळूच खरवडा. आज एवढंच काम आहे.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला जायचंय, तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायचंय, असं तुम्ही किती वर्षं म्हणताय! ते वाक्य आता मनात एकदा पुन्हा म्हणा, आणि कुठे रेंगाळता ते बघा. ‘खेळायचंय’वर, की परत आल्यावर ‘खेळून आलो’ असं चारचौघांत सांगण्यावर? दुसरं असलं तरी लाजायचं कारण नाही. आपल्याला ठाऊक असलं म्हणजे झालं.

हातातल्या गोष्टी हातावेगळ्या करू. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. हँडिकॅपचं प्रमाणपत्र लागतं, ते फाइलला लावा. नियमाने चौदाच क्लब चालतात. बॅग वजनकाट्यावर ठेवा आणि त्यातले किती खरंच वापरता, ते स्वतःलाच विचारा. एडिनबरापर्यंत विमान, पुढे ल्यूकर्सपर्यंत ट्रेन, मग बस. सेंट अँड्रूजचं स्वतःचं स्टेशन १९६९मध्येच बंद झालं. झालं, एवढंच.

आता जे हातात नाही त्याकडे वळू. इथे सावकाश.

ओल्ड कोर्स कुठल्या क्लबच्या मालकीचा नाही. जमीन गावाची, १९७४च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो. खेळायच्या बऱ्याच वेळा सोडतीने मिळतात. ज्या दिवशी खेळायचं, त्याच्या दोन दिवस आधी नावं द्यायची आणि वाट बघायची. म्हाडाच्या सोडतीला अर्ज भरलेल्या माणसाला ही हुरहुर वेगळी समजावून सांगायला नको. घसघशीत पॅकेज घेतलं तर वेळ आधी पक्की होते, हेही खरं. पण माझं विचाराल तर सोडतच बरी. सात समुद्र ओलांडून जायचं आणि नाव निघालंच नाही, तर? या ‘तर’पाशी थांबा. पोटात काय होतंय? राग, की ‘पैसे वाया’ हा हिशेब? तो हिशेब पुरता करा, शेवटच्या पौंडापर्यंत. मग बघा, मागे काय उरतं. शेजारीच न्यू कोर्स आहे. नाव ‘न्यू’, पण खुला झाला १८९५ साली. त्या गावात नवं म्हणजे इतपत नवं.

हातातला बॉल आता टेबलावर ठेवा आणि बोटाने हलकेच ढकला. तो कुठवर जातो ते नुसतं बघा.

आपल्याकडे पावसाळ्यानंतरच्या मऊ हिरवळीवर बॉल उंच उडवला की पडतो तिथेच थबकतो. तीच आपली सवय. तिथली लिंक्सची जमीन म्हणजे समुद्र आणि शेतं यांच्यामधली वाळूची पट्टी. पाणी झिरपून जातं, गवत आखूड, जमीन टणक. तिथे बॉल पडतो आणि मग चालू लागतो. उंचवट्याला लागून डावीकडे वळतो, कधी नको त्या बंकरमध्ये उतरतो. ओल्ड कोर्सवर असे एकशे बारा बंकर आहेत. काही म्हणे मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा शोधताना उकरलेले. वारा असला की जाणते लोक बॉल जमिनीलगत ठेवतात आणि ग्रीनच्या बरंच बाहेरूनही पटर काढतात. तुमचा तो डौलदार, आभाळात चढणारा शॉट मनात एकदा खेळून घ्या. वारा त्याला उचलून नेतोय. नेऊ द्या.

१९२१च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा याच मैदानावर, तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि त्याने डाव सोडून दिला. १९२७मध्ये तो तिथेच जिंकला. १९५८ साली गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. मला मात्र पहिलंच साल जास्त आठवतं.

अजून एक. तिथे चौदा होल्सना मिळून सातच ग्रीन्स आहेत, प्रत्येकावर दोन झेंडे. दुसऱ्याचं आणि सोळाव्याचं एक, पाचव्याचं आणि तेराव्याचं एक. बेरीज दर वेळी अठरा. तुम्ही पाचव्यावर वाकून पट करताय, आणि त्याच हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला तेराव्यावर कुणी परतीच्या वाटेवरचं उभं आहे. त्याच्या बुटांकडे बघा. तुमच्याहून जास्त मळलेत. त्याने हात केला. तुम्हीही करा.

आता बेत आखा. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत रेंगाळतो, तेव्हा दिवस ठासून भरायचा मोह होईल. एक रविवार मात्र धरा. एरवीच्या रविवारी ओल्ड कोर्स खेळाला बंद असतो, गवताला विश्रांती. त्या दिवशी गावातली माणसं तिथे फिरायला येतात. कुत्री, बाबागाड्या, आइस्क्रीम. तुम्हीही शिरा. पहिल्या आणि अठराव्या होलच्या रुंद मोकळ्या फेअरवेवरून चालत ओढ्यापर्यंत जा. ओढ्यावरचा स्विल्कन पूल फोटोत वाटतो त्याहून लहान आहे, दहा-बारा पावलांत संपतो. त्यावर उभे राहा. एक ओलं कुत्रं तुमच्या पायांत घुटमळून पुढे निघून जातं. समुद्राकडून गार वारा येतोय. हातात क्लब नाही, तेव्हा हातांचं काय करायचं ते सुचत नाहीये. खिशात घाला.