मुक्कामी मन

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली की थोड्याच वेळात सिंधुदुर्ग किल्ला समोर येतो. होडीवाला साधारण तासाभराची मुदत देतो आणि पर्यटकांची पळापळ सुरू होते. महादरवाजा, फोटो. शिवराजेश्वराचं देऊळ, फोटो. की परत होडीत!

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. बांधकामाला सुमारे तीन वर्षं लागली. पायाचे दगड शिसं ओतून पक्के केले, तीन किलोमीटरच्या आसपास नागमोडी तट उभा राहिला. इतक्या सबुरीनं झालेलं काम आपण तासात उरकतो, आणि त्यातला निम्मा वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून.

जरा किल्ल्यातल्या दूधबाव या विहिरीच्या काठाशी थांबावं. चहूकडे खारा दर्या आणि विहिरीत गोडं पाणी! साखरबाव, दहीबावही तशाच. वाकून पाहिलं, तिथल्या रहिवाशांशी दोन शब्द बोललं, की किल्ला ओळखीचा होतो.

पावसाळ्यात दर्या खवळला की होड्या बंद. इथला माणूस दर्याशी हुज्जत घालत नाही; उधाण ओसरेपर्यंत जाळी विणतो, डागडुजी करतो. त्याचं थांबणं रिकामं नसतं.

दहा ठिकाणं उरकण्यापेक्षा एक ठिकाण मनापासून पाहिलेलं बरं. हे सहलीपुरतं नाही. आज घरात कुणी बोलायला आलं, तर घड्याळाकडे न बघता त्याचं पूर्ण ऐकून घ्या.