गारव्याची वाटणी

वाचनालयासाठी वातानुकूलन यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न एखाद्या त्रैमासिकाच्या पानांवर कशाला हवा, असे कोणी विचारील. आम्हीही आधी तसेच समजत होतो. खोलीचे क्षेत्रफळ मोजावे, दुकानदाराला टनाचा आकडा विचारावा, ताऱ्यांची संख्या पाहावी, पैसे मोजावे आणि मोकळे व्हावे, एवढाच तो व्यवहार वाटला होता. त्या व्यवहारात आपल्याकडून अन्याय घडू शकतो आणि तो सात वर्षे कोणाच्या ध्यानी न येता चालू राहू शकतो, हे आम्हांला फार उशिरा कळले.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या धर्मग्रामाचे वाचनालय एका काटकोनी खोलीत आहे. मुळात ती सरळ आयताकृती होती. पुढे गच्चीवर जाण्यासाठी जिना काढावा लागला, त्याने एक कोपरा गिळला आणि खोलीला वळण आले. आज तिचा लांब हात वीस फूट बाय अकरा फूट आहे. त्याच्या पश्चिम टोकाला वळून गेलेला आखूड हात बारा बाय दहा. लांब हातात पुस्तकांची कपाटे, वर्तमानपत्रांचे मेज आणि खिडकीखाली ज्येष्ठांच्या खुर्च्या आहेत. आखूड हातात दहावी-बारावीची मुले अभ्यासाला बसतात. घरी जागा नाही, दूरदर्शन संच चालू असतो, लहान भावंडांचा गोंधळ असतो, अशी ही मुले. एका टोकाला बसलेल्याला दुसरे टोक दिसत नाही. ऐकू मात्र येते.

२०१७ साली आम्ही तिथे दोन टनांचे एक यंत्र बसवले. पूर्वेच्या भिंतीला बाहेरचे युनिट लावण्यास जागा होती, म्हणून यंत्रही त्याच भिंतीवर, लांब हाताच्या टोकाला गेले. टन हा शब्द ऐकून पुष्कळांना यंत्राचे वजन आठवते. प्रत्यक्षात ते बर्फाचे माप आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता एका टनाचे यंत्र तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढते. आमच्या तीनशे चाळीस चौरस फुटांना हिशेबाने दोन टन पुरेसे होते. हिशेब चुकला नव्हता. चुकले होते ते असे, की आम्ही खोली मोजली, पण खोलीत कोण कुठे बसते हे मोजले नाही.

यंत्रातून निघणारा थंड झोत सरळ जातो आणि हळूहळू खाली उतरतो. काटकोनात वळण्याची त्याला मुळीच हौस नसते. मुलांच्या बाजूला गारव्याची केवळ वार्ता पोचत असे, आणि तिथल्या पश्चिमेच्या भिंतीला तर दुपारनंतर चटका बसे. मुले उठत, वळण ओलांडून येत आणि रिमोटवर आकडा उतरवत. चोवीसाचे बावीस, बावीसाचे अठरा. आता यात एक गोष्ट आहे, जी दुकानदार सहसा सांगत नाही. आकडा उतरवल्याने गारवा अधिक दूर जात नाही. तापमान पाहणारा संवेदक यंत्राच्या पोटातच बसवलेला असतो. जी हवा त्याच्याकडे परत येते, तिच्यावरून तो साऱ्या खोलीचा निवाडा करतो. स्वतःच्या आसपास गार झाले की त्याच्या दृष्टीने सर्वत्र गार झाले. आकडा अठरावर नेला की यंत्र अधिक वेळ चालते आणि त्याच्या समोरची जागा आणखी गारठते, एवढेच. म्हणजे मुले आपला उकाडा कमी करायला जात आणि ज्येष्ठांचा काकडा वाढवून येत. ज्येष्ठांपैकी कोणी उठून आकडा सत्तावीसवर नेला की उलट घडे. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. प्रत्येकाचे गाऱ्हाणे खरे होते आणि त्यावरचा प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याच्या अंगावर जात होता.

खिडकीखालच्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका बसत. सारा गाव त्यांना बाई म्हणतो. उजेड तिथे चांगला म्हणून ती त्यांची जागा. झोत नेमका तिथेच उतरे. प्रथम त्या शाल घेऊन येऊ लागल्या, मग कानाला रुमाल बांधू लागल्या, मे महिन्यात. आम्ही ते पाहत होतो आणि त्यावर हसतही होतो. पुढे त्या येईनाशा झाल्या. वयपरत्वे प्रकृती बरी नसेल, असा निष्कर्ष आम्ही परस्पर काढला. पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या ओटीवर बसून जुना अंक वाचत होत्या. प्रकृती उत्तम होती. आम्ही विचारले, तशा त्या सहज म्हणाल्या, "अरे, मुलांना उकडतं. त्यांची परीक्षा असते. मला काय, मी घरी वाचते."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. ऐकताना क्षणभर बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. त्याग आपल्या परंपरेतला मोठा शब्द आहे. उपवासकाळात आपण त्यावर प्रवचने ऐकतो, आणि एका वृद्ध स्त्रीने मुलांसाठी आपली खुर्ची सोडावी, हे उदाहरण एखाद्या प्रवचनात शोभून दिसले असते. परंतु घरी परतताना एक प्रश्न टोचू लागला. बाईंचा त्याग हा बाईंचा सद्गुण झाला. आमचा काय झाला? तो आम्ही मागितला नव्हता, त्याची गरज आहे का हे तपासले नव्हते, आणि तो मुलांच्या उपयोगीही पडला नव्हता. कारण बाई गेल्यानंतरही वळणापलीकडे उकाडा होताच. त्यांनी जागा सोडली, म्हणून फक्त तक्रार नाहीशी झाली. सोशिक माणसांचे मौन किती सोयीचे असते! समितीच्या इतिवृत्तात त्या वर्षी 'यंत्र समाधानकारक चालले आहे' अशी नोंद आहे आणि खाली आमचीच सही आहे.

या संदर्भात संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पुन्हा वाचावासा वाटला. प्रभुभोजनासाठी ही मंडळी एका घरात जमत असे. तिथे एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई, म्हणून पौल संतापला आहे. जेरोम मर्फी-ओकॉनर या डॉमिनिकन अभ्यासकाने १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या भांडणाचा संबंध घराच्या रचनेशी जोडला. करिंथमध्ये उत्खननात सापडलेल्या एका श्रीमंत घराची भोजनशाला सुमारे साडेपाच मीटर बाय साडेसात मीटर होती. लोडाला टेकून जेवण्याच्या त्या काळच्या रीतीने तिथे मोजकीच माणसे मावणार. बाकीच्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागणार. आत यजमानाचे मित्र, बाहेर काम संपवून उशिरा आलेले मजूर आणि गुलाम. हा तर्कच आहे आणि सर्व अभ्यासक तो मान्य करीत नाहीत. पण त्यात एक मार्मिक गोष्ट आहे. त्या यजमानाने कोणाला उपाशी ठेवण्याचे ठरवले असेल असे नाही. घर जसे बांधलेले होते, तसे लोक बसले, एवढेच; आणि त्या बसण्यातून मंडळीचे दोन तुकडे झाले. पौलाने भिंत पाडायला सांगितले नाही; एकमेकांसाठी थांबा, असे सांगितले. आतल्या माणसाला थांबायचे, तर आधी बाहेर कोणीतरी आहे हे ध्यानात यावे लागते.

कोणी म्हणेल, सर्वांना चालेल असे एक मधले तापमान ठरवले की झाले. शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमानुसार जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताच चोवीस अंशांवर येतात. तेच प्रमाण मानावे. विजेच्या बचतीसाठी हा नियम चांगलाच आहे. पण न्यायाचा प्रश्न त्याने सुटत नाही. पोव्ल ओले फांगर या डॅनिश संशोधकाने १९७० साली माणसाच्या तापमान-सुखाचे जे गणित मांडले, त्यातच हे गृहीत आहे, की सर्वांत अनुकूल परिस्थितीतही शेकडा पाच माणसे असमाधानी राहतात. पुढे २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवले, की कार्यालयांचे तापमान ठरवताना शरीरातील उष्णतेचे जे मूल्य धरले जाते, ते चाळिशीतल्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचे आहे; स्त्रियांच्या बाबतीत ते प्रत्यक्षाहून जास्त ठरते. बाईंचे वय ऐंशीच्या घरात, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. ज्या 'सरासरी माणसा'साठी ही यंत्रे गारवा देतात, तो माणूस आमच्या वाचनालयात कधी आलेलाच नाही. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी जे नियम केले, त्यांत सर्वांना सारखेच द्यावे असे नाही. ज्याला जेवढी गरज, तेवढे द्यावे, असे आहे. कमी लागणाऱ्याने देवाचे आभार मानावेत आणि जास्त लागणाऱ्याने नम्र व्हावे, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. मठ चालवलेल्या माणसाचे हे शहाणपण आहे.

मुळात यंत्र हवेच कशाला, असाही एक पक्ष आमच्यात होता आणि तो हलका नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात घातक उपभोगाचे उदाहरण म्हणून नेमका वातानुकूलनाच्या वाढत्या वापराचाच उल्लेख केला आहे. आमच्या वाडवडिलांनी ओटीवर वाऱ्याला बसून उन्हाळे काढले, हेही खरे. पण ती घरे कौलारू होती आणि भोवती वाड्या होत्या. आमच्या वाचनालयावर स्लॅब आहे आणि भोवती इमारती. नागपूरकडच्या कोरड्या हवेत पाण्याचा कूलर उपकारक ठरतो. आमच्या दमट हवेत तो केवळ घाम वाढवतो. शिवाय १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर उन्हाने जे बळी घेतले, ते विसरून उकाडा सोसण्यालाच साधेपणा म्हणणे आम्हांला पटले नाही. दुसऱ्याच्या वतीने साधे राहणे सोपे असते. त्या पक्षाचे एक मात्र आम्ही ऐकले आणि ते ऐकले हे बरेच झाले: यंत्राआधी गच्चीला पांढरा चुना दिला, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढला आणि पंखे बदलले.

२०२४ साली जुन्या यंत्राचा कॉम्प्रेसर गेला आणि निवड पुन्हा समोर आली. आखातात नोकरीस असलेल्या एका बांधवाने दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ तीन टनांचे एकच भव्य यंत्र देऊ केले. ते नाकारणे जड गेले, कारण देणाऱ्याचे मन मोठे होते. पण मोठे यंत्र म्हणजे बाईंच्या खुर्चीवर मोठा झोत. त्याऐवजी एकेका टनाची दोन यंत्रे घ्यावीत, एक लांब हातात आणि एक वळणापलीकडे, असे आम्ही सुचवले. गारवा तोच दोन टनांचा, वाटणी निराळी. नावाची पाटी कोणत्या यंत्रावर, यावर दोन बैठका झाल्या. अखेर ती दारावर लागली.

खरा वाद झाला तो तिसऱ्या सूचनेवर. वळणावर काचेची भिंत घाला, म्हणजे दोन खोल्या होतील, प्रत्येकीला आपले तापमान मिळेल, वीज वाचेल आणि मुलांना शांतताही मिळेल. तांत्रिक दृष्ट्या याहून चांगला उपाय नव्हता, हे आम्ही मान्य करतो. तरी आम्ही विरोध केला. आज एखादा मुलगा गणित अडले की वळण ओलांडून निवृत्त पोस्टमास्तरांकडे येतो. मुलांचा दंगा वाढला की खोकल्याचा एक विशिष्ट आवाज निघतो आणि पलीकडे शांतता होते. भिंत झाली असती तर भांडण मिटले असते, पण ते भांडण करायला दुसरा माणूसच उरला नसता. मतदान झाले, भिंत एका मताने पडली. विरुद्ध बाजूने मत देणारे आमचे मित्र अजूनही म्हणतात, की आम्ही भावनेपायी वीज जाळतो. बिल येते तेव्हा त्यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड जाते.

यंत्रे आता बसली आहेत. मधल्या काळात दोन साधे तापमापक आणले. एक खिडकीखालच्या खुर्चीजवळ टांगला, दुसरा मुलांच्या मेजावर. आकडा बदलायचा असेल तर आधी वळण ओलांडून पलीकडचा तापमापक पाहून यायचे, असा नियम केला. मुले तो पाळतात. ज्येष्ठ मंडळींना गुडघ्यांमुळे तो थोडा जाचक होतो.

बसवणारा कारागीर बाहेरची युनिटे जुन्याच जागी लावणार होता. तेव्हा प्रथमच आम्ही पूर्वेच्या भिंतीमागे जाऊन उभे राहिलो. यंत्र खोलीतली उष्णता नाहीशी करीत नाही, ती उचलून बाहेर टाकते, आणि स्वतः वापरलेल्या विजेची उष्णता तिच्यात भर घालते, हे आम्हांला पाठ होते. पण ती कुठे टाकते, हे पाहिले नव्हते. चार फुटांवर शेजारच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, तिला आतून पुठ्ठा लावलेला. त्या घरातल्या वहिनींना विचारले, तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, "गरम वारा यायचा ना, म्हणून. चर्चचं आहे, काय बोलणार?"

युनिटे गच्चीवर गेली. तांब्याची नळी वाढली, खर्च वाढला, खजिनदारांनी आम्हांला दोन शब्द सुनावले. पुठ्ठा निघाला आहे. बाईंच्या घरीही आम्ही जाऊन आलो, खुर्ची झोताबाहेर सरकवल्याचे सांगितले, त्यांना आवडतो तो अंक मेजावर ठेवला आहे असेही सांगितले. त्यांनी चहा दिला आणि बघू म्हणाल्या. अजून आलेल्या नाहीत.