डावाच्या शेवटी यंत्राची परीक्षा

नाशिकमध्ये बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला आदर्श शोधायला दूर जावे लागत नाही. विदित गुजराथी इथलाच. 2013 मध्ये तो ग्रँडमास्टर झाला आणि 2023 मध्ये आइल ऑफ मॅनची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी टोरोंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत त्याने हिकारू नाकामुराला दोनदा हरवले, आणि बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही तो होता. त्याच्याकडे पाहून पटावर बसणारी मुले आता एका सवयीने वाढत आहेत. डाव संपला की मूल सभागृहाबाहेर येते, आईबाबांच्या मोबाइलवर चाली भरते आणि प्रोग्रॅम दाखवतो तो आकडा वाचते. अधिक दोन म्हणजे पांढरा वरचढ, उणे पाच म्हणजे पांढऱ्याचे संपले. चर्चा तिथेच थांबते. ही सवय मला घातक वाटते, आणि ती मोडण्याची जागा डावाच्या शेवटी आहे असे माझे मत आहे.

डावाच्या मध्यात यंत्राशी वाद घालणे व्यर्थ आहे. तिथे ते जगज्जेत्यापेक्षाही फार पुढे गेले आहे. पण पटावर मोजकी मोहरी उरली की सत्य सिद्ध करता येते. राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व अवस्थांचा निकाल आज कोष्टकांमध्ये साठवलेला आहे. 2018 मध्ये पूर्ण झालेला ‘सिझिजी’ कोष्टकांचा हा संच सुमारे 17 टेराबाइट भरतो. त्यात अंदाजाला जागा नाही. जिंकते, हरते किंवा बरोबरी, एवढेच उत्तर मिळते. म्हणून प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायची तर ती इथे घ्यावी.

सर्वांत साधा पेपर चार मोहऱ्यांचा आहे. पांढरा राजा एफ5 वर आणि प्यादे ई4 वर. काळा राजा डी4 वर आणि प्यादे ई5 वर. दोन्ही राजे आपापले प्यादे राखत आहेत आणि समोरच्याच्या प्याद्यावर टपलेही आहेत. ज्याची खेळी असेल त्याला राजा हलवावाच लागतो, मग त्याचे प्यादे जाते आणि पाठोपाठ डावही जातो. इथे चाल असणे हेच संकट आहे. प्रोग्रॅमांची अडचण नेमकी हीच होती. शोध वेगाने व्हावा म्हणून ते स्वतःला विचारतात, ‘मी ही चाल सोडून दिली तरी माझे बरे चालले आहे ना?’ उत्तर ‘हो’ आले की ती फांदी ते छाटून टाकतात. एरवी ही युक्ती उत्तम चालते, कारण चाल सोडणे हा सहसा तोटाच असतो. पण इथे चाल सोडता आली असती तर डाव वाचला असता, त्यामुळे तीच युक्ती दगा देते. म्हणून मोहरी संपून प्यादीच उरली की ती बंद ठेवण्याची तजवीज प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना करावी लागली. वर्गातल्या मुलाला हे कारण कळले तर यंत्र कसे विचार करते हेही कळते. नुसता आकडा वाचून ते कधीच कळणार नाही.

दुसरा पेपर पुढे नोबेल मिळवलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांच्या नावाने 2017 मध्ये गाजला. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तीन उंट आणि पाच प्यादी. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. मोहरी मोजली तर पांढऱ्याने डाव सोडून उठावे. प्रोग्रॅमांनी काळ्याच्या बाजूने प्रचंड आकडा दाखवला. आता पट नीट पाहा. काळ्याचा वजीर आणि दोन्ही हत्ती डाव्या कडेला आपल्याच प्याद्यांत असे चेंगरले आहेत की त्यांना एक घरही सरकता येत नाही. तिन्ही उंट काळ्या घरांतले, तर पांढऱ्याची चारही प्यादी पांढऱ्या घरांत. पांढऱ्या राजाने पांढऱ्या घरांतून येरझाऱ्या घालाव्यात आणि हाताशी आलेला हत्ती मारायचा मोह टाळावा, म्हणजे काळा काहीही करू शकत नाही. हत्ती मारला की तटबंदीला भगदाड पडते. जेमतेम वर्षभर खेळलेले मूलही समजावल्यावर हे पाहू शकते.

यावर जाणकार आक्षेप घेतात की ही मुद्दाम रचलेली कोडी आहेत, खऱ्या डावात येत नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. स्टॉकफिश या प्रोग्रॅममध्ये कोणताही बदल स्वीकारण्यापूर्वी तो स्वतःविरुद्धच्या हजारो डावांतून तपासला जातो. क्वचित येणाऱ्या तटबंदीसाठी रोजच्या खेळातली ताकद गमावणे त्याच्या निर्मात्यांना परवडत नाही, आणि त्यांचे ते बरोबरच आहे. पण याचा अर्थ असा की प्रोग्रॅम जिंकण्यासाठी घडवलेला आहे. तो आकडा शिकवण्यासाठी बनलेलाच नाही. शिकवणीचे काम आपण त्याच्यावर परस्पर सोपवले आहे.

उलट बाजूचीही नोंद घ्यायला हवी. 1977 मध्ये केन थॉम्पसन यांनी वजीर विरुद्ध हत्ती या शेवटाचे संपूर्ण कोष्टक तयार केले आणि हत्तीची बाजू यंत्राला दिली. समोर अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन. पुस्तके सांगत होती की वजीरवाला सहज जिंकतो. यंत्र हत्तीला राजापासून दूर नेऊन, कोणी माणूस खेळणार नाही असा बचाव करत राहिले आणि ब्राउन यांना पन्नास चालींत जिंकता आले नाही. त्यांनी अभ्यास केला, पुन्हा बसले आणि बरोबर पन्नासाव्या चालीला जिंकले. यंत्राकडून शिकावे ते असे! 2018 च्या लंडनमधील जागतिक अजिंक्यपदाच्या सहाव्या डावात कारुआनाला कार्लसनविरुद्ध विजय होता, असे महासंगणकाने दाखवले. पण त्यासाठी स्वतःचा घोडा जी1 या घरात नेऊन कोंडून घ्यावा लागला असता. तो डाव बरोबरीत सुटला. हा विजय पटावर बसून कोणत्याही माणसाला सापडला असता असे मला वाटत नाही, आणि त्याबद्दल कारुआनाला दोष देणे अन्यायाचे होईल. घरी मोबाइल पाहणारे प्रेक्षक मात्र अशा वेळी ‘घोडचूक’ म्हणून मोकळे होतात. आकड्याने माणसाची पारख बिघडते ती अशी.

निवडक अवस्था मांडून खेळ शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1814 साली मुंबईत छापला गेला, तो मुख्यतः अशाच अवस्थांचा संग्रह होता. तेव्हा परीक्षा माणसाची होती. आज तोच पट वापरून माणूस आणि यंत्र दोघांचीही घेता येते, आणि त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम व कोष्टके फुकट उपलब्ध आहेत.

नाशिकच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. आठवड्यातला एक तास डावाच्या शेवटासाठी राखून ठेवा. लाकडी पटावर अवस्था मांडा आणि आधी मुलाचा निकाल कारणासह वहीत लिहून घ्या. मग प्रोग्रॅमचा आकडा पाहा, आणि शेवटी कोष्टक उघडा. प्रोग्रॅम चुकला असेल तर तो का चुकला हे मुलालाच सांगू द्या.