काय खातेस, हे कुणी विचारलंच नाही

गेल्या दिवाळीत माझी भाची फराळाला बसली. तिनं एक चकली घेतली, चार ठिकाणी मोडली, एक तुकडा ठेवून बाकीचे परत डब्यात टाकले. तो तुकडाही तोंडात घालण्याआधी फोन काढून त्यात लिहिला. वय २३, पुण्यात नोकरी, दोन वर्षांपासून धावण्याचं वेड. घरात जो तो म्हणत होता, काय छान बारीक झालीस! मीही म्हटलं. डोक्यावर पंखा गरगरत होता, आम्ही सगळे घामाघूम, आणि तिच्या अंगात जाकीट. रात्री भांडी विसळताना तिचा हात माझ्या हाताला लागला. गार दगडासारखा.

“आत्या, सात महिने झाले, पाळीच नाही,” ती सहज बोलल्यासारखी म्हणाली. “बरंच आहे म्हणा. कटकट गेली.”

हा शब्द तिला कुणी शिकवला? आम्हीच. माझ्या आईच्या घरी त्या चार दिवसांत ‘कावळा शिवला’ म्हणून स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नसे. पुढे बाजूला बसणं सुटलं, पण गौरी-गणपतीच्या आधी औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणणं सुरू झालं. बीडकडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली चव्हाट्यावर आला, तेव्हा त्यामागेही हेच होतं: पाळीत काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. पाळी म्हणजे अडचण, हे ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या मुलींच्या कानात घातलं, त्या समाजातल्या मुलीला ती बंद झाल्यावर हायसं वाटलं तर दोष तिचा कसा?

पण ती बंद का झाली? बेताच्या पगारात घर चालवणारी बाई महिना ओढीचा असला की आधी भाडं, दूध, किराणा भागवते आणि घरातलं कार्य पुढे ढकलते. शरीरही तसंच करतं. हृदय, मेंदू, श्वास यांचा खर्च टाळता येत नाही. मूल जन्माला घालण्याची तयारी टाळता येते. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतरानं एक संप्रेरक सोडत असतो. त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि तिच्या हुकमावर बीजांडकोश. शरीरातली चरबी आणि पोटात पडणारं अन्न कमी झालं की लेप्टिनसारखे निरोप मेंदूला कळवतात, की घरात शिल्लक नाही. मग ठोके मंदावतात, बीज तयार होत नाही, इस्ट्रोजेन घसरतं आणि पाळी थांबते. ही उपासमार हौसेची आहे की दुष्काळाची, हे शरीराला कळत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाची नाकेबंदी झाली तेव्हाही असंख्य बायकांची पाळी याच कारणानं गेली होती.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अमेरिकेतल्या ॲन लाउक्स यांच्या प्रयोगांतून कळते. त्यांनी पाळी नियमित असलेल्या तरुणींना काही दिवस भरपूर व्यायाम करायला लावला, पण खर्च झालेली ऊर्जा जेवणातून भरून दिली. ठोके बिघडले नाहीत. भरपाई केली नाही तेव्हा मात्र बिघडले. म्हणजे दोष धावण्याचा नव्हे, धावण्याचं बिल न भरण्याचा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात आकडाही आला. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोला रोज ४५ कॅलरी मिळाल्या तर सारं सुरळीत. ३० च्या खाली गेलं की पाच दिवसांतच ठोके बिघडतात. ही सीमा सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, हे पुढच्या संशोधनात दिसलं. पण हिशेब समजायला ती पुरते.

मी तो हिशेब भाचीबरोबर कागदावर मांडला. चरबी सोडून तिचं वजन साधारण ४० किलो. म्हणजे व्यायामाचा खर्च वजा जाता १८०० कॅलरी हव्यात, आणि १२०० ही धोक्याची रेघ. तिच्या फोनमधल्या नोंदींप्रमाणे ती खात होती १४००. ‘पुरेसं’ वाटतं ना? पण त्यातल्या ५०० सकाळच्या धावण्यात जात. उरल्या ९००. ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. वजनकाट्यावर ती काही हाडांचा सापळा नव्हती. कुणालाही निरोगीच वाटली असती, आणि म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

डॉक्टरांनाही नाही. तिसऱ्या महिन्यातच ती एका दवाखान्यात जाऊन आली होती. सोनोग्राफी झाली, बीजांडकोशात बारीक बारीक गाठी दिसल्या, ‘पीसीओडी आहे, थोडं वजन कमी करा’ असं सांगून गोळ्या लिहून दिल्या. पीसीओडी खराच असतो, पुष्कळ मुलींना असतो, आणि जिचं वजन जास्त आहे तिला ते उतरवण्याचा फायदाही होतो. पण तशाच दिसणाऱ्या गाठी उपाशी शरीरातही सापडतात. तक्रार एकच, उपाय अगदी उलटे. आपल्याकडे मुलीची पाळी चुकली की दोनच गोष्टी मनात येतात, दिवस राहिले किंवा पीसीओडी. तिसरं कारण कुणाच्या डोक्यातच नसतं. त्या सल्ल्यानंतर तिनं रात्रीची पोळीही सोडली.

गोळ्यांनी एकदा रक्तस्राव झाला, त्यामुळे घरचे निर्धास्त. गोळ्या थांबवल्यावर येणारा तो स्राव म्हणजे बीजांडकोश जागे झाल्याची खूण नव्हे. आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी या मुलींची हाडं वाचतात असंही दिसलेलं नाही.

खरं भय तिथंच आहे. १९८४ साली बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी पाळी बंद झालेल्या खेळाडू तपासल्या. त्यांचं सरासरी वय २५, आणि मणक्यांची घनता मात्र ५१ वर्षांच्या बाईइतकी. हाडांची बहुतेक पुंजी विशीच्या आसपासपर्यंत साठते. पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च करायचा असतो. नेमक्या भरणा करायच्या वयात या मुली रक्कम काढून बसतात.

भाचीच्या नडगीचं हाड डिसेंबरात चिरलं. पडली नाही, आपटली नाही, नुसती धावत होती. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पाळी नियमित येते का?” दुसरा, “दिवसभरात काय काय खातेस?”

हा दुसरा प्रश्न मला आमच्या तालुक्याच्या रस्त्यावरही आठवतो. पहाटे पाचला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली तिथं ८०० मीटरचा सराव करत असतात. पोटात चहा आणि एखादी खारी. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचे दोन्ही. त्या काही डाएट करत नाहीत. घरात आधी बाप-भाऊ जेवतात, मग उरलेलं आई आणि ही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. अशा मुलीची पाळी थांबली तर ती कुणाला सांगणार? तिच्या प्रशिक्षकाला विचारायचा संकोच, तिला सांगायची लाज. पुण्यातली मुलगी कॅलरी मोजून उपाशी, ही न मोजता. हाड दोघींचं सारखंच चिरतं.

तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. आधी दिवस राहिले नाहीत ना, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन ठीक आहेत ना, हे पाहायचं. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी मुलीनं आपण होऊन सांगायचं, की मी किती खाते, किती पळते, किती किलो उतरवले. हेच कारण निघालं तर मुख्य औषध जास्त अन्न आणि कमी व्यायाम. हे सोपं नाही. ज्या मुलीला दोन वर्षं ‘बारीक’ म्हणून शाबासकी मिळाली, तिच्यासाठी दुसरी पोळी वाढून घेणं ही परीक्षा असते. अनेकींना मानसोपचारतज्ज्ञाचीही मदत लागते. आणि एक गोष्ट आया सांगत नाहीत म्हणून मी सांगते: पाळी परतण्याआधी बीज सुटतं, तेव्हा पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नये.

भाचीचं प्लास्टर निघालं. सकाळी धावण्याच्या वेळेला ती आता आईबरोबर नाश्ता करते. सुरुवातीचे काही आठवडे रडत करायची. जूनमध्ये पाळी आली, जुलैत नाही, ऑगस्टअखेर पुन्हा आली. हाडांची घनता पहिल्या तपासणीत कमी निघाली होती. ती किती भरून आली ते लगेच कळत नाही. दुसरी तपासणी या हिवाळ्यात आहे. घरात मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, यंदा ती फराळाला आली की तिच्या अंगाकडे बघून कुणी काही बोलायचं नाही, ‘सुधारलीस’ असंही नाही.