सत्तरच्या वरचे तेरा तास

गावी, कळंबला पोचल्यावर अर्ध्या तासात कुणीतरी पगार विचारतंच. पूर्वी लोक आडून आडून विचारायचे, आता सरळ विचारतात: "दादा, महिन्याला किती पडतात?" मी आकडा सांगत नाही. त्याऐवजी माझं पाठ झालेलं गाऱ्हाणं सुरू होतं. टॅक्समध्ये किती जातो, पहिली कंपनी बंद पडली तेव्हा चार महिन्यांचा पगार कसा बुडाला, कॅप्टनला नोकरी सोडायची तर वर्षभराची नोटीस द्यावी लागते, मेडिकलला ईसीजीची एक रेघ वाकडी आली की माणूस घरी, उड्डाणाआधी दारूच्या तपासणीसाठी नळीत फुंकावं लागतं म्हणून खोकल्याचं औषधही बाटली वाचून घ्यावं लागतं. पारावरची माणसं मान डोलावतात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. त्यामुळेच त्या गाऱ्हाण्यामागे मला इतकी वर्षं निवांत लपता आलं.

नानांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, दशक्रियेला मी नव्हतो. दोन वर्षं झाली. "सुट्टी मिळाली नाही," असं मी घरात सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. विमानाच्या नोकरीत सुट्टी मिळत नसणार, हे गावाला पटतं. आजही कुणी विषय काढला तर आई माझ्या बाजूने बोलते, "त्याला सोडत न्हाईत रं."

खरं असं आहे की मी सुट्टी मागितलीच नव्हती.

आमच्याकडे महिन्याला सत्तर तासांपर्यंतच्या उड्डाणाचा पगार ठरलेला. त्यावरच्या प्रत्येक तासाचे पैसे वेगळे. नाना गेले त्या महिन्यात माझे सत्तर तास आधीच भरत आले होते. दहाव्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी मिळून चार उड्डाणं लागली होती. ती सोडली असती तर ते तास दुसऱ्या कुणाच्या खात्यात गेले असते. घरातला मृत्यू सांगितला असता तर रोस्टरवाल्यांनी नाही म्हटलं नसतं. सांगायला एक फोन पुरला असता. मी फोन हातात घेतला आणि हिशेब केला. वाकडच्या दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता होता. पहिल्याचा नव्हे, दुसऱ्याचा. महिनाअखेर त्र्याऐंशी तास भरले.

घोडच्या काठी सकाळी सगळं गाव जमलं होतं, तेव्हा मी गुवाहाटीच्या हॉटेलात पडदे ओढून झोपलो होतो. चुलतभावाने नंतर सांगितलं, पिंडाला कावळा शिवेना. कुणी म्हणालं नातवाच्या शिक्षणाची काळजी असेल, कुणी म्हणालं विहिरीची. शेवटी भावानेच हात जोडून म्हटलं, "नाना, कॅप्टन येऊन काकीला भेटून जाईल." मग शिवला म्हणे. कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण त्या घोळक्यात माझं नाव घ्यावं लागलं, हे मनातून जात नाही.

आणि हे दुसऱ्या कुणाच्या नव्हे, नानांच्या दशक्रियेला. माझ्या लायसन्ससाठी दोनशे तासांचं उड्डाण लागत होतं आणि प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागत होते. वडिलांचं आणि नानांचं सामाईक खातं होतं, पुणे-नाशिक हायवेलगतची अडीच एकर. नानांची दोन मुलं होती, त्यांचाही हक्क होता. ती विकताना नानांनी मंचरच्या कचेरीत काही न विचारता सही केली. बाहेर येऊन फक्त एवढंच म्हणाले, "इमान पाडू नको म्हंजे झालं."

विमान मी पाडलं नाही. पण एक पहाट आहे, जी मी कुठल्याच कागदावर लिहिलेली नाही.

रात्री दोन ते सकाळी सहा या वेळेत शरीर सगळ्यात खाली गेलेलं असतं. माणूस कितीही सराईत असो, घड्याळ आतलं असतं. सलग दुसरी रात्र होती. दिल्लीहून पुण्याला येत होतो, नाशिकच्या अलीकडे उंची सोडायला सुरुवात व्हायची होती. कंट्रोलरने खाली येण्याची सूचना दिली. मला ती ऐकू आली नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा शेजारच्या एफओने, म्हणजे सहवैमानिकाने, उत्तर दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे उघडेच होते, असं मी स्वतःला सांगतो. पोरगं सत्तावीस वर्षांचं, माझ्या मूल्यमापनाच्या शेऱ्यावर त्याची पुढची कमांड अवलंबून. ते काही बोललं नाही. लोहगावला उतरलो, मागे प्रवाशांनी नेहमीसारखी बॅगांसाठी घाई केली. थकव्याचा रिपोर्ट भरायचा फॉर्म असतो. मी भरला नाही. भरला असता तर पुढची रात्र माझ्याकडून काढून घेतली असती आणि रात्रीचे तास ज्यादा पैशांचे.

त्या रात्री निघण्यापूर्वी मी 'फिट' म्हणून सही केली होती. ही सही कंपनी माझ्याकडून जबरदस्तीने घेत नाही. दबाव असतो, हे खरं. सतत 'थकलो' म्हणणाऱ्याकडे कसं पाहतात तेही माहीत आहे. तरी पेन माझ्याच हातात होतं.

ऑगस्ट 2023 मध्ये नागपूरच्या विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन निघायचं असताना एक कॅप्टन गेटपाशी कोसळले आणि गेले. आमच्या ग्रुपवर दोन दिवस हळहळ चालली. मीही हात जोडलेलं चित्र टाकलं. मग पायलटांच्या संघटनांनी न्यायालयात लावून धरलेलं प्रकरण पुढे सरकलं. पायलटांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते, पण लांबणीवर पडले होते. शेवटी दिल्ली उच्च न्यायालयासमोर वेळापत्रक ठरलं: आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तास, ती 1 जुलै 2025 पासून, रात्रीची लँडिंग सहावरून दोन, ती 1 नोव्हेंबरपासून. या लढाईसाठी आमच्या गटात वर्गणी आणि सह्या मागितल्या होत्या. मी मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. सही केली तर नाव दिसतं. शिवाय रात्री कमी झाल्या तर तास कमी होणार, हेही मनात होतंच. आज ते 48 तास मी घेतो.

नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, रात्रीच्या नियमात तात्पुरती सूट द्यावी लागली, टीव्हीवर विमानतळांवरची गर्दी दिसत होती. तेव्हा मी गावीच होतो. पारावर मी पायलटांची बाजू तावातावाने मांडली. विश्रांती, शरीराचं घड्याळ, प्रवाशांची सुरक्षा. बोलताना मला स्वतःचा आवाज चांगला वाटला. समोर चुलतभाऊ बसला होता. तो नारायणगावचा टोमॅटो पिकअपमध्ये भरून रात्री वाशीला नेतो, चाकण-तळेगाववरून, पहाटेचा बाजार गाठून दुपारी परत. रात्रीच्या विजेचा आठवडा असला की आल्यावर उसाला दारं धरायला जातो, हातात बॅटरी आणि बिबट्याची भीती घेऊन. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग दादा, तुम्हांला झोप आली तर नाही म्हणता येतं का?"

मी म्हटलं, येतं.

"बरंय," म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

पगार कमी नाही. नोकरी वाईट नाही. ढगांच्या वर सूर्य निघतो तेव्हा अजूनही वाटतं की यासाठी कुणी पैसे का देतं. रात्रीची उतरणी असली आणि आकाश मोकळं असलं की मंचर-कळंबच्या अंगाला हायवेच्या दिव्यांची माळ शोधतो. सापडली की एफओला दाखवतो. आयुष्याचा दर्जा खालावला म्हणून मी कुढतो, पण त्यातला किती कंपनीने घेतला आणि किती मी तासाच्या भावाने विकला, हे वेगळं काढायला बसलो की माझा आकडा मोठा निघतो. कंपन्या कमी माणसांत जास्त विमानं उडवतात, ते चूकच. त्यासाठी भांडायला हवं होतं. भांडायच्या वेळी मी ओव्हरटाइमचा तक्ता पाहत होतो.

गेल्या महिन्यात दुसरा फ्लॅट विकायला काढला. रात्रीच्या ज्यादा ड्यूट्यांना दोनदा नाही म्हटलं. काकीकडे तीन वेळा जाऊन आलो, चहा प्यालो, नानांच्या फोटोला हार घातला. सुट्टी मागितलीच नव्हती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.