बांडगुळाचा अपराध

कॅलिफोर्नियाच्या सागरतीरी मॉन्टेरे आणि बिशप या जातींचे पाइन वृक्ष वाढतात. त्यांच्या फांद्यांवरील एका खुज्या बांडगुळाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९२ साली स्वतंत्र जात म्हणून नाव दिले. त्याचे फळ पिकले की चिकट बी गोफणीतल्या दगडासारखे दूर उडते आणि शेजारच्या फांदीला चिकटते. मग अंकुर सालीत शिरून वृक्षाचे पाणी व अन्न शोषू लागतो. वृक्ष क्षीण होत जातो. आणि तो मेला, की बांडगूळही मरते.

याला पापी म्हणावे काय? जेथे दुसरा मार्ग खुला असतो, तेथेच पाप संभवते. या बांडगुळाला मातीत रुजताच येत नाही. मनुष्याला मात्र निवड असते. म्हणून दुसऱ्याच्या श्रमांवर जगणारा समर्थ मनुष्यच दोषी ठरतो. आपण मात्र हा शब्द वृद्धांवर, पंगूंवर फेकतो, ज्यांना निवडच उरलेली नसते.

परप्रांती वसलेल्या आपल्यासारख्यांच्याही कानी तो कधी पडतो. त्या वेळी रागावण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे : या भूमीतून मी घेतले किती, आणि तिला दिले किती?