पिकलं की सुटतं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सज्जनहो, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. मग भात कसला? जुन्या बायका सांगतील, देवभात! कुणी नांगरलं नाही, पेरलं नाही, लावणी केली नाही. तळ्याच्या काठाला पाणथळीत आपला आपण उगवलेला रानभात. छत्तीसगडात हलषष्ठीच्या व्रताला ‘पसहर चावल’ म्हणून असाच रानभात खातात. संस्कृतात याला नीवार म्हणतात, मुनींचं अन्न. १९६५ साली शास्त्रज्ञांनी रानभाताच्या एका जातीला नाव दिलं, तेही ‘ओरायझा निवारा’.

दिसायला भातासारखाच. लोंबीला लांब कुसं, दाणा तांबूस. पण एका गोष्टीत फरक आहे. शेतातल्या भाताचा दाणा पिकला तरी लोंबीला धरून राहतो; कापा, झोडपा, तेव्हा सुटतो. देवभाताचा दाणा पिकला की आपणहून गळतो. गोळा करणाऱ्याला उशीर झाला, की हाती नुसता पेंढा!

शेतातला भात असा का धरून राहतो? माणसानं पिढ्यान्‌पिढ्या न गळणारा दाणाच बियाण्याला ठेवला म्हणून. ही सवय भाताला आपणच लावली, आणि स्वतःलाही.

मागे एका गावी प्रवचन संपल्यावर एक आजी थांबल्या. म्हणाल्या, “बुवा, सून गुणाची आहे हो. पण कपाटाच्या किल्ल्या काही कमरेच्या सुटत नाहीत. त्या दिल्या तर माझं काय राहिलं?” मी गप्प बसलो. काय सांगणार? घरचा सगळा व्यवहार मुलगा बघतो, तरी पासबुक अजून माझ्याच उशाखाली!

त्या प्रश्नाचं उत्तर मला या गवतानं दिलं. गळलेला दाणा वाया जात नाही. कुसाच्या आधारानं तो मातीत रुततो, उन्हाळाभर सुकल्या तळ्यात पडून राहतो आणि पाऊस आला की उगवतो. त्याचं गळणं हीच त्याची पेरणी. आणि उपयोग किती! १९७० च्या सुमारास आशियातल्या भातावर खुरटा रोग पडला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सहा हजारांवर नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा निघाला तो उत्तर प्रदेशातून आलेला हा नीवार. त्याचा गुण घेऊन १९७६ साली आयआर ३६ हे वाण आलं आणि लाखो शेतकऱ्यांनी ते लावलं. कुणीच न पेरलेल्यानं सगळ्यांचं पेरलेलं राखलं.

मात्र एक ध्यानात ठेवा. हिरवा दाणा गळत नाही. प्रपंच टाकून पळा, असं अवधूत सांगत नाहीत. मुलं लहान असताना धरायचंच. तो गृहस्थाचा धर्म. पण पिकल्यावरही धरलं, तर मग झोडपल्याशिवाय सुटका नाही. आपल्या दत्तप्रभूंनी पृथ्वीपासून अजगरापर्यंत चोवीस गुरू केले. आपण या गवताला गुरू करायला काय हरकत आहे?

आणि “माझं काय राहिलं?” नारायणसूक्त आपण देवळात ऐकतो. हृदयातल्या ज्योतीचं वर्णन करताना ऋषींना उपमा सुचली ती नीवाराच्या कुसाची. तितकी बारीक, तितकी सोनसळी. आणि तिच्या मध्यात परमात्मा. किल्ल्या दिल्या, पासबुक दिलं, तरी हे राहतंच, माउली. ते कुणाला देताही येत नाही.

मार्गशीर्षात तळ्यावर जाऊन बघा. देवभाताच्या लोंब्या रिकाम्या झालेल्या असतात, आणि खाली चिखलात पुढचं वर्ष निजलेलं असतं. या दत्तजयंतीला पाळणा हलवून घरी गेलात, की एक किल्ली सुनेच्या हातावर ठेवा. तिनं मागायच्या आधी. मीही पासबुक मुलाला देणार आहे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!